तुमच्या ३,१५० युनिटांचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा होता. पुण्यात सहा मजली इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, घरात चार माणसं: तुम्ही, घरून काम करणारी पत्नी, शाळकरी मुलगी आणि सासूबाई. बिल महावितरणचं, स्वयंपाकाला पाइपचा गॅस. वीज आणि कार्बन दोन्ही कमी करायचे आहेत, पण जो तो 'दिवे बंद करा, एसी २६ वर ठेवा' एवढंच सांगतो. तुमच्यासमोर तीन पर्याय आहेत: नवा पाच-स्टार एसी, इंडक्शन शेगडी, किंवा छतावर सोलर पॅनल. त्यातलं आधी काय करावं?

तुम्ही बारा महिन्यांचे युनिट लिहून पाठवलेत हे उत्तम केलंत. ते नसते तर मीही दिवे बंद करा म्हणालो असतो. माझं मत आधीच सांगतो: तिन्हीतलं काहीही आत्ता घेऊ नका. तुमच्या घरात पैसे आणि कार्बन जिथे खरोखर वाया जात आहेत त्या जागा या यादीत नाहीतच. त्यातली सगळ्यात मोठी जागा तर विजेच्या बिलात दिसतही नाही.

आधी तुमचे आकडे. नोव्हेंबर २३५, डिसेंबर २६८, जानेवारी २७४, फेब्रुवारी २३०, मार्च २५५, एप्रिल ३५५, मे ३७२, जून २७०, जुलै २१५, ऑगस्ट २१२, सप्टेंबर २१८, ऑक्टोबर २४६. वर्षाचे ३,१५०. भारतातल्या ग्रिडची वीज आजही बहुतांश कोळशावर होते, म्हणून एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. म्हणजे तुमच्या विजेपोटी वर्षाला सव्वादोन टनांच्या जवळपास.

ही आकडेवारी वाचताना मी मे महिना शेवटी बघतो, आधी बघतो जुलै आणि ऑगस्ट. त्या महिन्यांत तुमच्याकडे एसी बंद असतो, थंडी नसते, तरीही २१२ युनिट जळतात. हा घराचा पाया. बाराही महिने हा पाया भरावा लागतो आणि गंमत म्हणजे त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, कारण भांडण होतं ते मेच्या बिलावरून. पायाला बारा महिन्यांनी गुणा: २,५०० च्या वर युनिट. एसीने अख्ख्या वर्षात खाल्लेले युनिट माझ्या अंदाजाने ३६०-३७० आहेत. तुम्ही ४० हजार खर्चून पाच-स्टार इन्व्हर्टर एसी आणलात तर त्यातले फार तर १४० वाचतील. वाचलेल्या युनिटचा दर सगळे आकार आणि विद्युत शुल्क धरून बारा रुपये मानला, तरी पैसे वसूल व्हायला पंचवीसेक वर्षं लागतील. तोवर तो एसी भंगारात गेलेला असेल. नागपुरात एप्रिल ते जून रात्रंदिवस एसी चालणारं घर असतं, तर मी याच्या बरोबर उलटा सल्ला दिला असता.

दराबद्दल एक गैरसमज इथेच मिटवतो. ३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल महाग दराने लागतं असं अनेकांना वाटतं. तसं नाही. पहिले १०० एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या. वरच्या टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना. मात्र याचा फायदा असा की तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी सर्वांत वरचं, म्हणजे सर्वांत महाग असतं. म्हणून बिलाच्या रकमेला युनिटांनी भागून जो सरासरी दर येतो, त्याने बचत मोजू नका. स्थिर आकार तर काहीही केलं तरी तेवढाच राहणार.

आता पायाची फोड. पंखे साधारण ८० युनिट, फ्रीज ४८, पावसाळ्यातला गीझर ३६, सेट-टॉप बॉक्स आणि राउटर मिळून १४, उरलेल्यात दिवे, टीव्ही, लॅपटॉप, वॉशिंग मशीन, मिक्सर, इस्त्री. हे मी तुम्ही दिलेल्या वापराच्या तासांवरून काढलंय. तुम्ही स्वतः तपासू शकता, आणि त्यासाठी कुठलंही यंत्र विकत घ्यायला नको. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि जवळच '३२०० इम्पल्स प्रति युनिट' असं काहीतरी छापलेलं असतं. आकडा प्रत्येक मीटरवर वेगळा असू शकतो, तो आधी वाचा. घरातलं सगळं बंद करून फक्त फ्रीज चालू ठेवा आणि एक मिनिट लुकलुक मोजा. ३२०० वाल्या मीटरवर मिनिटाला एक लुकलुक म्हणजे जवळपास १९ वॅट. दहा वेळा लुकलुकलं तर १९० वॅट. मग एकेक वस्तू चालू करत जा. रविवारी सकाळी मुलीला हे काम द्या, ती तुमच्यापेक्षा नेटाने करेल.

पंखे. तुमचे चारही पंखे जुने, म्हणजे प्रत्येकी ७५ वॅटच्या आसपास. बीएलडीसी मोटरचा, म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा तेवढ्याच वाऱ्याला ३० वॅटच्या आसपास घेतो. हॉल, सासूबाईंची खोली आणि पत्नी जिथे काम करते ती खोली, हे तीन बदला. चौथा दिवसातून दोन तास चालतो, त्याला हात लावू नका. नऊ-दहा हजार रुपये खर्च, वर्षाला ४०० युनिट वाचणार, दोन वर्षांत वसूल. घराच्या पूर्ण हिशोबात याच्याइतका चांगला व्यवहार दुसरा नाही.

एक व्यवहारी अडचण आहे. बहुतेक बीएलडीसी पंख्यांना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालत नाही. तो वायरमनकडून काढून घ्यावा लागतो, नाहीतर पंखा घरघरतो आणि आतलं सर्किट जळू शकतं. मग वेग रिमोटवर येतो, आणि रिमोट रात्री अंधारात सापडत नाही. सासूबाईंच्या खोलीसाठी रेग्युलेटरवर चालणारं मॉडेल मिळतं, दुकानात तसं स्पष्ट सांगून घ्या. सोय गेली की पुढच्या सगळ्या सूचनांना घरातून विरोध सुरू होतो.

फ्रीज २००८ चा म्हणता. तेव्हाचे फ्रॉस्ट-फ्री फ्रीज आणि इतक्या वर्षांत सैल झालेलं दाराचं रबर, हे बघता वर्षाला ५८० युनिट हा अंदाज जास्त नाही. दारात शंभराची नोट अडकवून दार लावा. सहज ओढून निघाली तर रबर गेलं. आज २५० लिटरच्या फ्रीजच्या लेबलवर वर्षाला २०० च्या आसपास युनिट लिहिलेले सापडतात. तारे मोजत बसू नका, लेबलवरचा तो युनिटचा आकडा वाचा. ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुने पाच तारे नव्या तीनच्या बरोबरीचेही असू शकतात. फ्रीज बदलायला घाई नाही, सहाएक वर्षांत वसूल होईल. पण पुढचा मोठा खर्च करायचाच असेल तर एसीच्या आधी हा करा. आणि जुना फ्रीज 'पाहुणे आले की थंड पेयांना' म्हणून बाल्कनीत चालू ठेवू नका, त्याने सगळी बचत परत जाते.

हिवाळ्याकडे या. डिसेंबर-जानेवारीत पंखे जवळजवळ बंद असतात, फ्रीजही कमी खातो, तरीही बिल २७० वर. याचं एकच कारण: गीझर. चार माणसांचं दीड-दीड बादली पाणी १८ अंशांवरून ४२ वर न्यायला रोज पावणेतीन युनिट लागतात, हे भौतिकशास्त्र आहे, कुठल्याही कंपनीच्या गीझरने ते बदलत नाही. वर टाकीच्या भिंतीतून निघून जाणारी उष्णता. थंडीत महिन्याला ११०-१२० युनिट, वर्षाचे ७०० च्या आसपास. म्हणजे तुमच्या घरात गीझर एसीच्या दुप्पट वीज खातो. पुण्याच्या बहुतेक घरांची हीच कथा आहे, आणि तरी सगळे एसीला बोलतात.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की गच्चीवरचं सोलर वॉटर हीटर दोन वर्षं बंद आहे. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. यंत्रणा आहे, पाइप आहेत, सहाव्या मजल्यावर असल्यामुळे गरम पाणी यायला अंतरही नाही, आणि ती बंद. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार साचणं, एखाद-दोन काचेच्या नळ्या फुटणं, पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अडकून गरम पाणी थंड पाण्याच्या लाइनीत जाणं, ही नेहमीची दुखणी. तिन्ही दुरुस्त होतात आणि खर्च नव्या एसीच्या किमतीचा लहानसा हिस्सा असतो. पावसाळ्यात सोलर साथ देणार नाही. पण डिसेंबर-जानेवारीत, नेमकं गरज असते तेव्हा पुण्यात आभाळ स्वच्छ असतं. ४०० युनिट तरी वाचावेत.

तोवर गीझरचं थर्मोस्टॅट ५०-५५ वर आणा, अंघोळी लागोपाठ करा आणि बटण बंद करा. 'सतत चालू ठेवला तर वीज कमी लागते' हे मी उच्चशिक्षित लोकांकडूनही ऐकतो; ते चूक आहे. गरम टाकी जितका वेळ गरम, तितकी गळती जास्त. सासूबाईंची दुसऱ्या वेळची गरम पाण्याची अंघोळ मात्र या हिशोबात धरू नका. ती त्यांची आहे. गॅस गीझरचा विचार केलात, तर नुसत्या कार्बनच्या दृष्टीने तो आज विजेच्या गीझरपेक्षा बरा ठरतो. पण बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर थंडीत वाचतो, म्हणून मी तो बाथरूमच्या आत बसवायला कधीही सांगत नाही.

आता तुमच्या पत्रातली अशी एक गोष्ट, जी तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीत आणि मी धोक्याची घंटा म्हणून वाचली. 'एसीत दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो, मेकॅनिक म्हणतो जुना झाला की तसं होतंच.' तसं होत नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, आणि गळून हवेत जातोय. तुमच्या २०१३ च्या एसीच्या पाटीवर आर-२२ लिहिलंय. या गॅसची तापमान वाढवण्याची ताकद शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट आहे. वर्षाला अर्धा किलो गळला, तरी ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचं झालं. तोच एसी वर्षभरात जी वीज खातो तिचा कार्बन २६० किलो. म्हणजे नुसत्या एका गळतीपुढे २४ की २६ हा वाद किरकोळ आहे. शिवाय आर-२२ ओझोनचा थर खातो, म्हणूनच मॉन्ट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद होतोय.

त्यामुळे यंदा 'टॉप-अप' करू देऊ नका. मेकॅनिकला सांगा: नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट, जोडांवर साबणाचा फेस लावून गळती शोधणं, मग दुरुस्ती, व्हॅक्यूम आणि त्यानंतरच गॅस. बहुतेक वेळा गळती फ्लेअर नटपाशी, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या नटपाशी निघते आणि किरकोळ खर्चात भागतं. आतल्या कॉइललाच भोकं पडली असतील तर दुरुस्तीत अर्थ नाही. फक्त त्या एका परिस्थितीत नवा एसी घ्या, आणि घेताना आर-३२ किंवा आर-२९० चा. आर-३२ ची ताकद पावणेसातशे पटींच्या आसपास आहे, आर-२९० म्हणजे प्रोपेन, त्याची जवळपास नगण्य. आर-४१०ए दोन हजारांच्या वर जातो, तो टाळा. जुना एसी काढणाऱ्याने आतला गॅस सिलिंडरमध्ये काढून घेतला पाहिजे. खिडकीबाहेर नट सैल करून सोडून देणं ही सर्रास पद्धत आहे आणि एक किलोच्या आसपास गॅस तसा सोडला की पावणेदोन टन एका मिनिटात गेले. नव्या एसीच्या लेबलवरचे वार्षिक युनिट १,६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. तुमचा वापर त्याच्या पावपट आहे, म्हणून लेबलवरची बचतही पावपट धरा.

तुमच्या घराला उन्हाळ्यात एसी लागतो तो मुळात डोक्यावरच्या स्लॅबमुळे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत खाली उष्णता सोडत असतो. गच्चीला पांढरा परावर्तक रंग किंवा नुसता चांगला चुना दिला तरी खालच्या खोलीत दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. गच्ची सोसायटीची आहे, परवानगी लागेल. खर्च तुम्ही एकट्याने करायची तयारी दाखवली तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावून उपयोग कमी, कारण ऊन काचेतून आत येऊन गेलेलं असतं. बाहेरून बांबूची चिक सोडा. मग एसी २६ वर आणि वर पंखा, असं सुसह्य होईल. उपकरणांना तारे देणाऱ्या ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या म्हणण्यानुसार प्रत्येक अंशामागे सहा टक्के वीज वाचते. मेच्या लाटेत म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत एसी लागला तर लागू द्या, तिथे काटकसर नको.

इंडक्शनबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. कार्बन कमी करायचा म्हणून गॅस सोडून इंडक्शन घेणं हे आजच्या ग्रिडवर उलटं पडतं. भांड्यात पोचलेल्या एका युनिट उष्णतेसाठी इंडक्शनला ०.८ किलोच्या वर कार्बन लागतो, पाइपच्या गॅसला, शेगडीत वाया जाणारी उष्णता धरूनही, ०.३५ ते ०.४. पाइपलाइनमधली गळती धरली तरी पारडं एवढ्यात फिरत नाही. ग्रिड स्वच्छ होत जाईल तसा हा हिशोब बदलेल. पाच-सात वर्षांनी पुन्हा विचारा. स्वयंपाकघरातल्या धुराचा, उष्णतेचा त्रास होतो म्हणून इंडक्शन घेत असाल तर ते रास्त कारण आहे, जरूर घ्या. नाहीतर डाळ-छोले रात्री भिजत घाला, कुकरची शिट्टी होताच आच बारीक करा, उघड्या पातेल्यात भात शिजवू नका. आयांनी सांगितलेलंच आहे, पण हिशोबात बसतं.

छतावरचं सोलर शेवटी, कारण ते शेवटीच घ्यायचं असतं. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. त्यात स्वतःच्या घराला पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,००० असं कमाल ७८,००० रुपये अनुदान आहे. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,०००. पुण्यात एक किलोवॅटमागे सरासरी रोज चार युनिट मिळतात आणि शंभर चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते. आज बसवलंत तर ३,१५० युनिटांसाठी तुम्हाला विक्रेता तीन किलोवॅटचं दरपत्रक देईल. पंखे, गरम पाणी, फ्रीज एवढं आटोपल्यावर वापर १,९०० च्या आसपास येईल आणि दीड किलोवॅट पुरेल. तसंही गच्ची सगळ्यांची असल्याने मी आधी सोसायटीच्या मीटरचा विचार करेन: लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे. टाकी भरल्यावरही चालू राहणारा पंप ही प्रत्येक सोसायटीची सवय असते. पॅनलच्या आधी तिथे ऑटोमॅटिक कट-ऑफ बसवून घ्या. आणि पॅनल बसलं म्हणून इंडक्शन फुकट आणि स्वच्छ, असंही नाही. ते युनिट तुम्ही वापरलं नसतं तर ग्रिडवर गेलं असतं आणि तिथे तेवढा कोळसा वाचला असता.

बारीकसारीक गोष्टी झटपट. सेट-टॉप बॉक्स टीव्हीबरोबर भिंतीवरच्या बटणावरून बंद करा, वर्षाला ८० युनिट. टीओडी मीटर, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर लावणारा मीटर बसला असेल तर दिवसा, सोलरच्या तासांत, दराला सवलत मिळते का ते बिलावर बघा आणि वॉशिंग मशीन तेव्हा लावा. कपडे गार पाण्यात धुवा, मशीनचा हीटर फक्त आजारपणात. प्लगमध्ये खोचून बिल निम्मं करणारी डबी मुळीच घेऊ नका: तिच्यात असलाच तर एक कपॅसिटर असतो आणि घरगुती मीटर जे युनिट मोजतो त्यावर त्याचा परिणाम होत नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण कार्बन म्हणालात म्हणून. ऑफिसला गाडीने जाता, वर्षाला दहा हजार किलोमीटर, पंधराचं अ‍ॅव्हरेज. एक लिटर पेट्रोलमागे २.३ किलो धरले तर दीड टन. घरातल्या सगळ्या विजेच्या दोन तृतीयांश. आठवड्यात दोन दिवस कंपनीच्या बसने गेलात तर ६०० किलो कमी, एक रुपया न गुंतवता. पुणे-दिल्ली विमानाचा एका बाजूचा प्रवास माणशी साधारण शंभर किलो, हेही लक्षात असू द्या.

क्रम विचारलात तर: पंखे या महिन्यात. सोलर वॉटर हीटरचा विषय सोसायटीच्या पुढच्या सभेत, आणि जाताना दुरुस्तीचं लेखी अंदाजपत्रक घेऊन जा, नुसता विषय काढला तर पुढच्या सभेवर जातो. गच्चीचा रंग मार्चच्या आत. एसीच्या मेकॅनिकला फेब्रुवारीत बोलवा. एप्रिलमध्ये त्याच्याकडे गळती शोधायला वेळ नसतो, तेव्हा तो गॅस भरून पुढच्या घरी जातो.